चार बोटं खोल

सुरीचं टोक मुंगीने कडेच्या पट्टीखाली सरकवलं आणि जोर लावून वर उचललं. सुकलेला वेत कडकडला. एक ढलपी उडून तिच्या कपाळाला लागली. तिने खुर्ची दोन्ही गुडघ्यांत आवळून धरली आणि बैठकीच्या चारी बाजूंनी सुरी फिरवली. शेवटचे दोनचार पट्टे तुटले तशी अख्खी बैठक खाली पडली आणि जमिनीवर किंचित डोलत राहिली, कारण मधोमध ती चांगली चार बोटं खोल गेलेली होती. खुर्चीची नुसती लाकडी चौकट उरली.

तिने घड्याळ पाहिलं. दहा मिनिटंही लागली नव्हती.

घाई करण्याजोगंच होतं. शेजारच्या टेलरकाकू आजोबांचा रक्तदाब तपासून आणायला त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या, आणि ते परत यायच्या आत मुंगीला खुर्ची तयार करून ठेवायची होती. जुनी वीण काढणं म्हणजे निव्वळ हमाली. भोकाभोकात अडकलेले तुकडे दाभणाने टोकरून काढायचे, धूळ नाकातोंडात जाणार, बोटं सोलवटणार. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला हे कशाला? त्यांच्या वाट्याला फक्त विणायचं काम यावं. तिने बहात्तरच्या बहात्तर भोकं मोकळी केली, चौकट ओल्या फडक्याने पुसली, आणि रस्त्यावर कचऱ्याच्या गाडीची घंटा ऐकू आल्यावर जुनी बैठक उचलून धावत जाऊन गाडीत टाकून आली. घर कसं लख्ख झालं. तिला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

घरात तिला मुंगी म्हणत. लहानपणी सदा काही ना काही उचलून इकडचं तिकडे नेत असे, आणि एकदा एखाद्या गोष्टीला चिकटली की हटत नसे. आता ती तिशीला टेकली होती, नोकरीत सगळे तिला मानाने 'बाई' म्हणत, पण या घराच्या उंबऱ्याच्या आत ती मुंगीच.

या खेपेला ती चिकटली होती ती आजोबांना. आजीला जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून आजोबा खाटेच्या कडेला बसत ते बसत. विचारलं तर उत्तर, वाढलं तर जेवण, एवढाच त्यांचा दिवस. सकाळी एकदा उठून आतल्या खोलीत जात, मिनिटभर तिथे थांबत आणि परत येऊन बसत. ज्या माणसाने पन्नास वर्षं शाळेच्या, कचेरीच्या, वाचनालयाच्या खुर्च्या वेताने विणल्या, "अर्धं गाव माझ्या जिवावर बसलंय" असं छाती फुगवून सांगितलं, त्या माणसाचे हात आता मांडीवर नुसते पडून असत.

"मी काही राक्षस नाही, मुंगे," बाबा फोनवर म्हणाले होते. "पण ते तिथे दिवसभर भिंतीकडे बघत बसतात, आणि मला इथे घास उतरत नाही. तुझी तीन आठवड्यांची रजा आहे ना? तेवढ्यात ते हिंडते-फिरते झाले तर राहू देत तिथेच. नाहीतर मी येऊन घेऊन जातो. घराला कुलूप."

आजोबांना हे कळल्यावर त्यांनी तिचं मनगट धरलं होतं. "मला इथून हलवू देऊ नकोस," एवढंच म्हणाले. धरलेलं मनगट बराच वेळ सोडलं नाही.

तेव्हा मुंगीने ठरवलं की दोघांनी मिळून करायचं असं हाताचं काहीतरी काम शोधायचं. कुठेतरी वाचलं होतं तिने, हात चालला की माणूस चालतो. पहिल्यांदा तिने पक्ष्यांच्या घरट्याचे लाकडी भाग आणले, स्क्रू मारून जोडायचे. आजोबांनी एक फळी उलटसुलट करून पाहिली.

"पाखरं आपापली घरं बांधतात की. त्यांच्या पोटावर कशाला पाय आणतेस?"

मग कुंड्या आणि बिया आणल्या. आजोबांनी एकदा पाणी घातलं ते इतकं, की बिया तरंगून बाहेर आल्या. मग जुने फोटो वहीत चिकटवायचं काढलं. तीन पानं झाल्यावर आजोबांनी वही मिटली आणि म्हणाले, "ओळखतो मी सगळ्यांना." त्या दिवशी त्यांनी जेवणही अर्धंच केलं. मुंगीने फोटो मुकाट्याने डब्यात भरून ठेवले. पहिला आठवडा असा पाण्यात गेला.

आणि मग आतल्या खोलीत तिला आजीची खुर्ची दिसली, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. पुढच्या कडेचे दोन पट्टे तुटलेले, बैठक खाली लोंबलेली. तिने कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा म्हणतात तशी तिची गत झाली होती. आजी जन्मभर याच खुर्चीवरून आजोबांना टोमणे मारायची. "जगाला कडक बैठका विणून देता आणि माझी झाली झोळी! जरा मुहूर्त काढा!" आजोबा "बघू" म्हणत आणि पाहुण्यांसमोर दोघंही हसत. बघू बघू म्हणताना आजी गेली. तिचं राहिलेलं काम आजोबांच्याच हातून पुरं होईल, तेही त्यांच्या पन्नास वर्षांच्या कसबाचं. याहून चांगलं काम शोधून सापडलं नसतं.

टेलरकाकूंचा आवाज दारात आधी आला, मग त्या आल्या.

"घ्या तुमचे आजोबा! दाब उत्तम आहे. डॉक्टर म्हणाले, थोडं भांडत जा, तब्येतीला बरं असतं. सगळ्या रस्त्याने मी एकटीच बोलत होते."

आजोबा मागून आत आले. काठी टेकत चार पावलं चालले आणि खोलीच्या मध्यावर ठेवलेली चौकट पाहून थांबले.

"आपण दोघं विणायची," मुंगी भरभर बोलू लागली. "वेत आणलाय, मोठी गुंडाळी. जुनं सगळं काढून टाकलं मी, तुम्हाला त्रास नको म्हणून. आजी किती वर्षं मागे लागली होती तुमच्या, आठवतं ना?"

आजोबा जवळ आले. त्यांनी हात खाली नेला, जिथे बैठक असायची तिथवर, मग त्याच्याही खाली. चौकटीच्या मधल्या मोकळ्या जागेत हात थोडा वेळ तसाच राहिला.

"जुनी कुठे आहे?"

"गाडी येऊन गेली ना. तो कचरा घरात कशाला ठेवायचा?"

"हं," आजोबा म्हणाले. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. गाडी कधीच वळणाआड गेली होती.

ते खाटेवर जाऊन बसले. टेलरकाकूंनी मुंगीकडे पाहून भुवया उंचावल्या आणि कधी नव्हे ते न बोलता निघून गेल्या. मुंगीला वाटलं, झालं, हेही फसलं. ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसली. तास गेला असेल. मग बाहेरून आवाज आला.

"वेत कसला आणलास? बारीक की मध्यम?"

"मध्यम."

"पाण्यात घाल. अर्धा तास. जास्त नको, फुगतो."

मुंगीने बादली भरायला घेतली तेव्हा तिला नळ नीट दिसत नव्हता, इतके डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. आजोबा बैठ्या स्टुलावर, समोर खुर्ची, पलीकडे जमिनीवर मुंगी. भिजलेला पट्टा भोकातून वर घ्यायचा, समोरच्या भोकात खाली सोडायचा, ओढायचा, आणि सुटू नये म्हणून भोकात लाकडी खुंटी ठोकायची. उभे पट्टे, मग आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे, आणि शेवटी दोन्हीकडून तिरके. लहानपणी सुट्टीत ती आजोबांच्या पुढ्यात बसून हे शिकली होती, आणि सगळ्यात आधी शिकली होती ती ताण द्यायला. "ओढ! अजून ओढ! जेवलीस ना?" असं आजोबा ओरडायचे. मग पट्ट्यावर टिचकी मारायचे. टणकन वाजला तर ठीक, नाही तर सगळं उसवून पुन्हा. सैल वीण म्हणजे त्यांच्या लेखी मोठा गुन्हा. एका गिऱ्हाइकाने नुसतं "जरा मऊ ठेवा" म्हटलं तर त्याची खुर्ची त्यांनी उचलून बाहेर ठेवली होती.

म्हणून पहिल्याच दिवशी जे दिसलं त्यावर तिचा विश्वास बसेना. आजोबा पट्टा ओढत, आणि खुंटी ठोकायच्या आधी त्यांचा हात किंचित ढिला पडे. कडेला वीण बरी होती, पण मधल्या ओळी तर चक्क लोंबत होत्या. चहाची कपबशी धरताना त्यांचा अंगठा थरथरतो हे तिने आधीच पाहिलं होतं. आता हाताने दगा दिला होता तो त्यांच्या स्वतःच्या कामात. त्यांना ते कळत होतं की नाही कुणास ठाऊक. कळलं असतं तर त्यांनी खुर्ची लाथाडून दिली असती, आणि मग पुन्हा ती खाट, ती भिंत, आणि मग बाबांची गाडी दारात.

दुपारी आजोबा आडवे झाले तशी मुंगी खुर्चीपाशी आली. ओल्या फडक्याने तिने पट्टे भिजवले, एकेक खुंटी काढली, एका भोकापासून पुढच्या भोकाकडे ढिलाई ओढत नेली आणि खुंट्या पुन्हा जिथल्या तिथे ठोकल्या. हातोडीला रुमाल गुंडाळून ठोकल्या, आवाज होऊ नये म्हणून. मग टिचकी मारली. वाजलं.

सकाळी आजोबांनी विणीवरून तळवा फिरवला. बराच वेळ फिरवला. मुंगीकडे पाहिलं. ती वेत निवडण्यात गर्क असल्यासारखी खाली बघत राहिली. आजोबांनी मधल्या दोन खुंट्या काढल्या, काहीतरी केलं आणि पुन्हा लावल्या. दुपारी पाहिलं तर त्या ओळी पुन्हा लोंबत होत्या. मुंगीने त्या पुन्हा ताणल्या.

असे चार दिवस गेले. आजोबांना आणखी एक खोड लागली होती. झोपायला जाताना रद्दी वर्तमानपत्रांचा जाडजूड गठ्ठा ते ओल्या विणीवर ठेवून जात. म्हातारपणी माणूस वस्तू कुठेही ठेवतो, असं म्हणून मुंगी तो गठ्ठा रोज उचलून कोपऱ्यात ठेवायची. कोपऱ्यातून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीवर यायचा.

पण एरवी सगळं मनासारखं होत होतं. आजोबा सकाळी आपणहून उठत. दोन पोळ्या जास्त खात. एकदा तर काठी न घेता दारापर्यंत जाऊन टेलरकाकूंना म्हणाले, "तुमचं शिवणाचं मशीन करकरतंय, रात्रंदिवस आमच्या कानात. तेल घाला." काकू आनंदाने भांडल्या. बाबांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मुंगीने फोन गुपचूप आजोबांच्या हातांवर धरला. दाभण, खुंटी, हातोडी, पट्टा.

"राहू देत," पलीकडून बाबा म्हणाले. नाक ओढल्याचा आवाज आला. "राहू देत त्यांना तिथेच. जिंकलीस तू."

तिरके पट्टे घालायचा दिवस आला. आजोबांनी पहिला पट्टा हातात घेतला, खुर्चीकडे पाहिलं आणि तो मुंगीपुढे धरला.

"हे तू घाल. तुझा हात घट्ट आहे."

त्यांच्या तोंडून असं कौतुक तिने जन्मात ऐकलं नव्हतं. तिने जीव ओतून ओढलं. बोटांना फोड आले तरी थांबली नाही. आजोबा स्टुलावर बसून बघत होते. मधूनच पुढच्या भोकाकडे बोट दाखवत. शेवटी कडेची पट्टी बसली आणि खुर्ची पुरी झाली. टेलरकाकूंनी येऊन बैठकीवर बोटं वाजवली.

"अगं बाई, ढोलकं! अगदी नवी कोरी झाली हो!"

"हो," आजोबा म्हणाले. "नवीच आहे."

निघायच्या दिवशी सकाळी मुंगीची बॅग दारात तयार होती. रिक्षा साडेनऊला सांगितली होती. आजोबांचा निरोप घ्यायला ती आत आली तर खुर्ची खिडकीशी ठेवलेली, तिच्यावर रद्दीचा गठ्ठा, आणि गठ्ठ्यावर आज दोन विटाही. आजोबा शेजारी स्टुलावर बसले होते.

"आजोबा, किती वेळा उचलायचं मी हे?" ती हसत म्हणाली. "नव्या विणीवर एवढं ओझं ठेवलं तर मधून खाली जाईल ती."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय! इतकी मेहनत करून ताणली आपण."

"तू ताणलीस," आजोबा म्हणाले.

मुंगीचं हसू जागच्या जागी राहिलं. चोरी पकडली गेली होती. "तुमचा हात... म्हणजे मला वाटलं, हाताला जरा थकवा..."

"हाताला काय झालंय?"

त्यांनी बादलीत उरलेला वेताचा एक तुकडा उचलला, खुर्चीच्या दोन पायांना अडकवला, गाठ मारली आणि एकदाच ओढली. टिचकी मारली. पट्टा असा टणकन वाजला की मुंगी दचकली.

"ती टोमणे मारायची ना," आजोबा त्या पट्ट्याकडे बघत म्हणाले. "एकदा मी खरंच सुरी घेऊन बसलो. तर अंगावर धावून आली. म्हणाली, खबरदार. एवढ्या वर्षांनी कुठे ही खुर्ची माझ्या मापाची झालीये." त्यांनी पट्टा सोडून बादलीत टाकला. "चाळीस वर्षं लागली तेवढं खाली जायला. चार बोटं. रोज सकाळी जाऊन हात ठेवून बघायचो मी. चार बोटं बरोबर बसायची."

मुंगीला ती बैठक आठवली, जमिनीवर पडून डोलणारी. ती उचलून आपण धावत गेलो होतो. धावत. तिला हात कुठे ठेवावेत कळेना.

"मला आता चाळीस वर्षं कोण देणार?" आजोबा म्हणाले. "म्हणून सैल विणत होतो. आधीच जागा करून ठेवत होतो."

"मग बोलला का नाहीत? एका शब्दाने तरी!"

"कापून तर झालं होतं. आणि नंतर तू... हातोडीला रुमाल बांधून ठोकायचीस. मी जागा असायचो. म्हाताऱ्याचा हात थरथरतो हे म्हाताऱ्याला कळू नये म्हणून कुणी एवढी धडपड करतंय, तिला काय सांगायचं?"

मुंगी खाली बसली. तिला रडू फुटलं, पण आजोबांसमोर रडायचाही आपल्याला हक्क नाही असं वाटून तिने ओठ दाबून धरले. "उसवू या," ती म्हणाली. "मी रजा वाढवते. सगळं काढू, पुन्हा घालू, तुम्हाला हवं तसं."

"तिरके पट्टे बसले की वीण अडकते. सुटत नाही. पुन्हा सुरीच लावावी लागेल." त्यांनी मान हलवली. "सुरी नको आता."

बाहेर रिक्षा येऊन थांबली. हॉर्न वाजला.

"जा. गाडी चुकेल."

मुंगी उठली. तिने विटा उतरवल्या, गठ्ठा उतरवून कोपऱ्यात ठेवला आणि दाराशी जाऊन बॅग उचलली. बॅग जड होती, परत न्यायची पुस्तकं, आईसाठी आजीची दोन पितळी भांडी, काय काय. ती तशीच ओढत ती परत खिडकीशी आली आणि खुर्चीवर बसली. आजी गेल्यापासून त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं.

"कडक आहे?" आजोबांनी विचारलं.

"खूप."

हॉर्न पुन्हा वाजला. टेलरकाकूंनी बाहेरून हाक मारली. मुंगीने बॅग दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतली आणि पाय जमिनीवरून वर उचलले.

आजोबा स्टुलावरून वाकले. त्यांनी हात बैठकीच्या खाली घातला आणि विणीला खालून तळवा लावून धरला.

"काही?" तिने विचारलं.

"अजून नाही," आजोबा म्हणाले. हात त्यांनी काढला नाही.